न्यूयॉर्कच्या ‘मिसेस शेरलॉक होम्स’

श्रोतेहो, गुन्ह्यांच्या शोधकथा ज्यांनी आवडीने वाचल्या आहेत त्यांना त्या कथांचा ठरीव साचा परिचयाचा असतो. शेरलॉक होम्सच्या गोष्टी असोत की बाबूराव अर्नाळकरांची चटकदार पुस्तके असोत, पहिल्या काही पानांतच एखादे प्रेत सापडते आणि मग ‘खून कोणी केला?’ या एकाच प्रश्नाभोवती सारी कथा फिरू लागते. खून झाला आहे, याविषयी कोणालाच शंका नसते. प्रत्यक्ष जीवनात मात्र पुष्कळदा याच्या उलट घडते. माणूस दिसेनासे होते, प्रेत सापडत नाही, आणि खून झाला आहे हेच मुळी कोणी मानावयास तयार नसते. अशा वेळी शोध घेणाऱ्याला खुन्याशी झुंजण्यापूर्वी लोकांच्या समजुतींशी झुंजावे लागते. १९१७ साली न्यूयॉर्क शहरात एका स्त्रीने अशीच एक झुंज दिली. तिची ही हकीकत आहे.

त्या वर्षीच्या प्रारंभी न्यूयॉर्क शहर युद्धाच्या उंबरठ्यावर उभे होते. युरोपात महायुद्ध पेटून अडीच वर्षे लोटली होती. अमेरिका अद्यापि तटस्थ होती खरी, परंतु युद्धाची झळ न्यूयॉर्कच्या बंदराला आधीच लागून गेली होती. ३० जुलै १९१६ रोजी बंदरातील ब्लॅक टॉम येथे साठविलेल्या दारुगोळ्याचा जर्मन हस्तकांनी घडवून आणलेला प्रचंड स्फोट झाला आणि पाण्यापलीकडे मॅनहॅटनमधील इमारतींच्या काचा फुटून रस्त्यांवर पडल्या. १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने कोणत्याही राष्ट्राची जहाजे पाणबुड्यांनी बुडविण्यास आरंभ केला. ३ फेब्रुवारीला अमेरिकेने जर्मनीशी राजनैतिक संबंध तोडले. शहरातील पुलांवर आणि पाणीपुरवठ्याच्या मार्गांवर पहारे बसले. वृत्तपत्रांचे मथळे, चहाच्या मेजावरील गप्पा, चौकाचौकांतील कुजबूज, सर्वत्र एकच विषय होता.

अशा या धामधुमीत, १३ फेब्रुवारीला, मंगळवारी, रूथ क्रूगर नावाची अठरा वर्षांची मुलगी आपल्या घरून बाहेर पडली. नुकतेच शालेय शिक्षण पुरे केलेली, रविवारच्या धर्मशाळेत लहान मुलांना शिकविणारी, शांत स्वभावाची ही मुलगी. बर्फावर घसरण्याच्या खेळाची तिला आवड होती. त्या खेळासाठी बुटांना लावावयाची पोलादी पाती, ज्यांना स्केट्स म्हणतात, ती तिने धार लावण्यासाठी जवळच्या एका दुकानात दिली होती. ती आणावयास ती निघाली होती. ते दुकान १२७व्या रस्त्यावर होते, आणि आल्फ्रेडो कोक्की हा इटालियन गृहस्थ तेथे मोटारसायकलींच्या दुरुस्तीचे काम करीत असे. रूथ गेली ती परत आली नाही.

घरच्यांनी शोधाशोध केली. दुकानदाराला विचारले. मुलगी आली, आपली वस्तू घेऊन गेली, यापलीकडे आपल्याला काही ठाऊक नाही, असे त्याने सांगितले. पोलिसांनी येऊन त्याला तेच प्रश्न विचारले आणि तेच उत्तर ऐकले. दुकान वरवर पाहिले, तळघरातही नजर टाकली, आणि दुकानदार सज्जन आहे असा निर्वाळा दिला. दोनच दिवसांत हा सज्जन बायकामुलांना मागे टाकून नाहीसा झाला. एवढी ठळक गोष्ट घडूनही पोलिसांच्या मनात संशय बळावला नाही. याचे कारण त्यांनी एक सोपा निष्कर्ष आधीच काढून ठेवला होता. मुलगी तरुण होती, दिसावयास चांगली होती, तेव्हा ती कोणा प्रियकराबरोबर पळून गेली असली पाहिजे! त्यातच एका टॅक्सीवाल्याने अशाच एका मुलीला एका तरुणाबरोबर आपण गाडीतून नेल्याचे सांगितले, आणि पोलिसांच्या समजुतीला जणू साक्षीदार मिळाला. रूथचे वडील हेन्री क्रूगर यांनी कळवळून सांगितले की आमची मुलगी अशी नव्हे. पण ‘प्रत्येक बापाला आपल्या मुलीविषयी असेच वाटते’ या विचाराने त्यांच्या बोलण्याची बोळवण झाली.

श्रोतेहो, या ठिकाणी क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पळून गेलेल्या मुलीचा शोध आणि मारल्या गेलेल्या मुलीचा शोध हे दोन निराळे शोध आहेत. पहिला शोध रेल्वे स्टेशनावर, बंदरावर, परगावच्या खानावळींतून करावा लागतो. दुसऱ्याचा आरंभ, ती जेथे अखेरची गेली होती, त्याच उंबरठ्यावर करावा लागतो. मुलीच्या शीलाविषयी एकदा चुकीचा ग्रह झाला की शोधाची दिशाच चुकते. नुसत्या बदनामीवर हे भागत नाही. गुन्हेगाराला पळून जाण्यास अवधी मिळतो. येथे तसेच झाले. पोलीस दूरदूरच्या खबरी गोळा करीत राहिले आणि कोक्की समुद्र ओलांडून आपल्या मायदेशी, इटलीतील बोलोन्या शहरी जाऊन पोहोचला.

६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिकेने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. हजारो तरुणांची मने रणांगणाकडे लागलेली असता एका बेपत्ता मुलीची आठवण शहराला किती दिवस राहणार? अशा वेळी क्रूगर कुटुंबाच्या साहाय्याला एक स्त्री धावून आली. तिचे नाव ग्रेस हमिस्टन.

हमिस्टनबाई पोलीस खात्यातील नव्हत्या. त्या वकील होत्या. सुखवस्तू घराण्यात जन्मलेल्या या बाईंनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि १९०५च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये गोरगरिबांसाठी, विशेषतः परदेशांतून आलेल्या अडाणी कष्टकऱ्यांसाठी, आपली वकिली सुरू केली. ज्यांना इंग्रजी भाषा येत नाही, कोर्टाची पायरी ठाऊक नाही, जवळ पैसा नाही, असे लोक त्यांचे पक्षकार असत. त्याच सुमारास न्यू जर्सी राज्यात एका इटालियन स्त्रीला फाशीची शिक्षा झाली होती. आपल्या अब्रूवर हात टाकणाऱ्या पुरुषाला तिने ठार केले होते. हमिस्टनबाईंनी त्या प्रकरणात लक्ष घातले आणि १९०६ साली तिची फाशी टळली.

पुढे त्यांच्या कानी आले की न्यूयॉर्कमधून मजुरीसाठी दक्षिणेकडे नेलेली माणसे परत येत नाहीत, त्यांची पत्रेही येत नाहीत. बाई स्वतः दक्षिणेत गेल्या. तेथे कर्जाच्या बेडीत अडकवून मजुरांना जनावरांसारखे राबविले जात होते. आपल्याकडे ज्याला वेठबिगारी म्हणतात, त्याचेच ते अमेरिकन रूप होते. या कामगिरीमुळे मध्यवर्ती सरकारच्या वकिलाची विशेष साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली. हे पद मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री होत. १९०७ साली आर्कान्सामधील सनीसाइड नावाच्या कापसाच्या मळ्यावर त्या चौकशीस गेल्या. तेथे राबणारे बहुतेक शेतमजूर इटालियन होते.

आणखी एक प्रकरण सांगण्यासारखे आहे. १९१५ साली न्यूयॉर्क राज्यातील एका खेड्यात दोन खून झाले, आणि चार्ल्स स्टीलो नावाच्या एका निरक्षर शेतगड्याला मृत्यूची शिक्षा झाली. पुरावा काय, तर एका खासगी शोधकाने त्याच्याकडून मिळविलेला कबुलीजबाब! १९१६ साली सिंगसिंग तुरुंगात तो मृत्यूच्या खुर्चीची वाट पाहत असता ज्यांनी त्याच्यासाठी धडपड केली त्यांत हमिस्टनबाई अग्रभागी होत्या. शिक्षा तहकूब झाली. पुढे सूक्ष्मदर्शक यंत्राखाली गोळ्या तपासल्या असता त्या स्टीलोच्या पिस्तुलातून सुटलेल्याच नव्हत्या असे आढळून आले, आणि १९१८ साली त्याची सुटका झाली. बंदूक आणि गोळी यांचा संबंध शास्त्रीय रीतीने ठरविण्याच्या विद्येच्या इतिहासात हे प्रकरण आजही सांगितले जाते.

ही पूर्वपीठिका एवढ्यासाठी सांगावयाची की क्रूगर प्रकरणात बाईंनी जे केले ते एकाएकी सुचलेले नव्हते. सर्वांनी जे गृहीत धरले आहे त्याला पुरावा कोणता, हा एकच प्रश्न विचारण्याची सवय त्यांना बारा वर्षांच्या वकिलीने लावली होती.

त्यांनी हे काम मोबदला न घेता पत्करले. ज्यूलियस क्रोन नावाच्या एका अनुभवी खासगी शोधकाला बरोबर घेतले. प्रथम त्यांनी मुलीची माहिती मिळविली. तिचे कुटुंब, तिच्या मैत्रिणी, तिची शाळा, तिचा दिनक्रम. या साऱ्यांतून जे चित्र उभे राहिले त्यात चोरट्या प्रेमाला आणि पलायनाला कोठेच जागा नव्हती. ‘आपली मुलगी अशी नव्हे’ या बापाच्या ज्या शब्दांना पोलिसांनी माया म्हणून बाजूला सारले होते, त्या शब्दांना बाईंनी साक्षीचे मोल दिले. मुलगी पळून गेली नसेल, तर ती दुकानातून बाहेर पडलेलीच नाही, असा संभव उरतो. आणि तसे असेल, तर शोध दूरदेशी न करता त्या दुकानातच केला पाहिजे. तर्काची ही शिडी अगदी साधी आहे. तिच्यात होम्सची जादू नाही. कठीण होती ती पहिली पायरी, म्हणजे एका मुलीवर विश्वास ठेवण्याची.

मग त्यांनी कोक्कीची माहिती काढली. आसपासच्या वस्तीत हिंडून, माणसामाणसाला बोलते करून त्यांनी त्याची दुसरी बाजू उजेडात आणली. दुकानात येणाऱ्या मुलींशी त्याचे वागणे सभ्यपणाचे नव्हते. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की रूथ नाहीशी झाली त्या रात्री, मध्यरात्रीच्या सुमारास, कोक्की तळघरातून बाहेर येताना काही जणांनी पाहिला होता. त्याच्या अंगावर माती होती आणि चेहरा गोंधळलेला होता. ही माणसे तेथेच राहत होती. चार महिने त्यांना कोणी विचारले नव्हते, एवढेच.

आता तळघर खणून पाहणे एवढेच उरले. परंतु कोक्कीची बायको काही केल्या आत पाऊल टाकू देईना, आणि पोलीस तर तळघर आपण पाहिले आहे असे सांगून मोकळे झाले होते. बाई कायदा जाणत होत्या. दुकान खासगी होते, पण दुकानापुढील पदपथ शहराचा होता. तो खणण्याची परवानगी त्यांनी शहराच्या अधिकाऱ्यांकडून मिळविली आणि बाहेरून काम सुरू केले. अखेर तळघरात शिरण्याचा मार्गही मोकळा झाला. ५ जून रोजी २१ ते ३० वर्षे वयाच्या साऱ्या पुरुषांनी लष्करभरतीसाठी नावे नोंदविली होती. त्यानंतर अकराव्या दिवशी, शनिवारी १६ जूनला, कामगार त्या अंधाऱ्या तळघरात उतरले. कामाचे बाक बाजूला सारताच खालची जमीन पूर्वी फोडल्याची चिन्हे दिसली. कुदळी चालू लागल्या. रूथ क्रूगर तेथे होती. ती घरातून निघाल्याला चार महिने आणि तीन दिवस झाले होते, आणि एवढे दिवस ती आपल्या घरापासून थोड्याच अंतरावर होती.

युद्धाच्या बातम्यांनी भरलेल्या वृत्तपत्रांनीही त्या दिवशी आपले पहिले पान मोकळे करून दिले. ‘मिसेस शेरलॉक होम्स’ हे नाव बाईंना याच दिवसांत मिळाले. तिकडे बोलोन्यात कोक्कीला अटक झाली. प्रथम एक हकीकत, मग दुसरी, असे करता करता त्याने खून कबूल केला. अमेरिकेने त्याची मागणी केली. पण इटलीच्या कायद्याप्रमाणे स्वतःच्या नागरिकाला परक्या राष्ट्राच्या हवाली करता येत नव्हते. मात्र त्याने परदेशात केलेल्या गुन्ह्याबद्दल स्वदेशी खटला चालविता येत होता. तो पुढे बोलोन्यात चालला आणि १९२० साली कोक्कीला २७ वर्षांची सजा झाली.

प्रेत सापडल्याबरोबर साहजिकच प्रश्न उठला, की पोलिसांना ते का सापडले नाही? चौकशी सुरू झाली आणि एक ओंगळ प्रकार बाहेर आला. मोटारसायकलींवरून गस्त घालणाऱ्या काही पोलिसांचे कोक्कीच्या दुकानात नेहमीचे येणेजाणे होते. भरधाव मोटार हाकल्याबद्दल ज्यांना समन्स मिळे, त्यांचे प्रकरण पैसे घेऊन परस्पर मिटविण्याचा धंदा तेथे चालत असे. ज्याच्याशी असा घरोबा त्याच्या तळघरात कोण डोळे उघडे ठेवून पाहणार? कर्तव्यात कसूर केल्याचे आरोप काहींवर ठेवण्यात आले. तरी सारा दोष लाचेच्या माथी मारून भागणार नाही. ज्यांनी एक छदामही घेतला नव्हता त्यांनीही ‘मुलगी पळाली’ हेच मानले होते. लाचेने एका दुकानाचे दार झाकले. समजुतीने सर्व शहराचे डोळे झाकले.

एक गोष्ट आणखी. खुनी इटालियन निघाल्याबरोबर साऱ्या इटालियन वस्तीकडे बोट दाखविणारे लोक निघालेच असतील. हमिस्टनबाईंच्या आयुष्यातील दहाबारा वर्षे ज्यांच्या रक्षणात गेली होती त्यांत इटालियन स्त्रीपुरुष कितीतरी होते. ज्या हाताने त्यांनी एका इटालियन स्त्रीच्या गळ्यातील फास काढला, त्याच हाताने एका इटालियन खुन्यावरचा पडदा बाजूला केला. जात आणि देश पाहून माणसाला दोषी किंवा निर्दोष ठरवावयाचे नसते, हे त्यांच्या कार्यातून आपोआप सिद्ध झाले.

कथा येथेच संपली असती तर ती गोड झाली असती. परंतु इतिहास गोड शेवटासाठी थांबत नाही. जुलै १९१७ मध्ये बेपत्ता मुलींच्या शोधासाठी पोलीस खात्याने हमिस्टनबाईंना विशेष अन्वेषक म्हणून नेमले. ज्या खात्याची त्यांनी अब्रू चव्हाट्यावर आणली, त्याच खात्याने त्यांच्या हाती अधिकार दिला. त्यांच्याकडे दुःखी आईबापांची रीघ लागली. आणि त्याच वर्षी नोव्हेंबर महिन्यात बाईंनी एका जाहीर भाषणात एक भयंकर आरोप केला. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर कँप अप्टन ही लष्करी छावणी नव्याने उभी राहिली होती आणि शहरातील भरती झालेले तरुण तेथे कवायत शिकत होते. या छावणीच्या परिसरात शेकडो मुलींचा सर्वनाश झाला आहे, काही तर प्राणासही मुकल्या आहेत, असे त्या म्हणाल्या.

लष्करी अधिकाऱ्यांनी हा आरोप साफ नाकारला आणि पुरावा मागितला. युद्धाचा काळ, प्रत्येक घरातला मुलगा गणवेशात, शहर संतापाने खवळून उठले. पुरावा मागितला गेला हे मात्र योग्यच झाले. आणि त्या वेळी, आयुष्यभर इतरांना ‘पुरावा कोणता?’ असे विचारणाऱ्या बाईंपाशी समाधानकारक उत्तर नव्हते. पोलीस खात्याने त्यांचा अधिकार काढून घेतला. वृत्तपत्रांनी जेवढ्या हौसेने त्यांना डोक्यावर घेतले होते, तेवढ्याच हौसेने खाली टाकले. दैवाचा खेळ असा की त्याच नोव्हेंबर महिन्याच्या ६ तारखेला न्यूयॉर्क राज्यातील पुरुष मतदारांनी तेथील स्त्रियांना मतदानाचा हक्क बहाल केला होता. हमिस्टनबाई त्यानंतर तीस वर्षांहून अधिक जगल्या, पण पहिल्यासारखी कीर्ती पुन्हा त्यांच्या वाट्याला आली नाही. १९४८ साली त्यांचे निधन झाले तेव्हा ‘मिसेस शेरलॉक होम्स’ कोण, हे बहुतेक लोक विसरून गेले होते.

या अपयशाने त्यांच्या आधीच्या यशाला उणेपणा येतो काय? मुळीच नाही. उलट दोन्ही प्रसंग शेजारी शेजारी ठेवले असता एकच नियम स्पष्ट दिसतो. फेब्रुवारीत पोलिसांनी समजुतीला पुरावा मानले आणि एक निष्पाप मुलगी चार महिने कलंकित होऊन मातीखाली पडून राहिली. नोव्हेंबरात, सद्हेतूने का होईना, बाईंनी ऐकीव गोष्टीला पुरावा मानले आणि त्यांच्या पुढच्या खऱ्या तक्रारींवरही लोकांचा विश्वास राहिला नाही. त्यात खरे नुकसान कोणाचे झाले? ज्यांच्या बाजूने बोलणारे दुसरे कोणी नव्हते, अशा मुलींचे. दुर्बलांच्या वकिलाला बलवंतांच्या वकिलापेक्षा अधिक काटेकोर राहावे लागते. कारण त्याची एक चूक शंभर खऱ्या साक्षी बुडविते.

युद्ध आले की माणसांची गणना हजारांनी होऊ लागते. इतके कामी आले, इतके जखमी झाले, इतके बेपत्ता, असे आकडे रोज छापून येतात आणि वाचणाऱ्याचे मन हळूहळू बधिर होते. त्या आकड्यांच्या महापुरात एका घरातील एक मुलगी ही क्षुल्लक बाब वाटू लागते. हमिस्टनबाईंना ती क्षुल्लक वाटली नाही, हा त्यांचा मोठेपणा. आजही एखाद्या गावात, एखाद्या गल्लीत मुलगी वेळेवर घरी येत नाही, आईबाप चौकीच्या पायऱ्या चढतात, आणि त्यांच्या कानी पहिला प्रश्न पडतो तो तिच्या चालचलणुकीविषयीचा. तो प्रश्न ओठांवर येण्यापूर्वी, ती अखेरची कोठे गेली होती आणि तेथे कोणी जाऊन नीट पाहिले आहे काय, एवढे जरी विचारले गेले तरी १२७व्या रस्त्यावरील त्या तळघराने शिकविलेला धडा वाया गेला नाही, असे म्हणता येईल.